दहा फुलांचा पुडा

श्रावण लागला की आमच्या परसातले दोन सोनचाफे फुलांनी भरतात आणि मला एक गोष्ट आठवते. फुलांबद्दल घरात कोणाची तक्रार नाही. गोष्टीची मात्र सगळ्यांना धास्ती आहे. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात ती मी बायकोला सांगितली, तेव्हा ती शेवटपर्यंत कान देऊन ऐकत होती. त्यानंतर तसं पुन्हा घडलेलं नाही.

यंदा सुरुवात मी केली नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. आमची मुलगी मुक्ता इंजिनिअरिंगला आहे. परवा संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिची सी लँग्वेजची प्रॅक्टिकल होती, आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी असतो तसा तिचा चेहरा होता, म्हणजे जवळ गेलं तर चावेल असा. तरी तीच म्हणाली, "बाबा, बघ ना जरा. पाच नावं घ्यायची आणि पाच छापायची, एवढंच आहे. पण पहिलं नाव दुसऱ्याला चिकटून येतंय."

मी चष्मा शोधायला उठलो. बायको ओट्यापाशी कणीक मळत होती. ती मान न वळवता म्हणाली, "झालं. आता गिरणी सुरू होणार."

ती गिरणी खरोखरची होती. पिठाची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आणि वसईत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर भिकूभाऊंच्या गिरणीवर लाकडी जिन्याने चढून गेलं की आमचा कॉम्प्युटरचा क्लास होता. तीन मशिनं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. मशिनांना रात्री घालायला टोपरी होती, ती कोणाच्या तरी जुन्या पडद्यांची शिवलेली, गुलाबी फुलाफुलांची. फ्लॉप्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आणि पावसाळी दमट हवेला उपाय म्हणून त्या डब्यात तांदळाची पुरचुंडी. चपला जिन्याखाली काढायच्या. पण पीठ काही चपलांवर बसून येत नव्हतं, ते जमिनीच्या फळ्यांतून वर यायचं. कुठला जिन्नस दळला जातोय हे आम्हाला वासावरून कळायचं. बाजरी असली की घशात खवखव, हरभराडाळ असली की भूक. श्रावणात शनिवार-रविवारी उपासाचं दळण असायचं, राजगिरा, वरई, शिंगाडा. तो वास आला की आजही माझा हात आधी काम सेव्ह करायला जातो.

कारण वासापेक्षा वाईट होती ती मोटर. खाली भिकूभाऊंनी खटका ओढला की वर दिवे मान टाकायचे, तिन्ही मशिनं एकदम काळी व्हायची आणि क्षणभराने पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. तोवर फ्लॉपीवर उतरवलं नसेल ते सगळं गेलं. मग कोणीतरी जिन्यावरून ओरडायचं, "भिकूभाऊ, सांगायचं तरी!" आणि खालून उत्तर यायचं, "गिरनी कवा सांगून चालू होते काय?"

तिथे आम्हाला शिकवायला होत्या फ्लोरी टीचर. वसईजवळच्या गास गावच्या. वडिलांची केळीची आणि भाजीची वाडी, आणि ही मुलगी गणित शिकून, मुंबईत कुठेसा कोर्स करून, सायकलवरून येऊन आम्हाला पॉइंटर शिकवायची. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी. पण तिला 'टीचर' म्हणताना माझी जीभ कधी अडखळली नाही, आणि मला 'अरे विश्वनाथ' म्हणताना तिचीही नाही.

आता माझं काय अडलं होतं ते सांगतो. वडील गेल्यावर वाडी नानाकाकांनी सांभाळली होती. चाफा, केळी, थोडी भाजी. रोज पहाटे फुलांची करंडी दादरच्या बाजारात पोचवायची असे, आणि नानाकाकांचा गुडघा गेला होता. घरात तरुण पुरुष मी एकटा. मी बीएस्सी होऊन घरी बसलो होतो. 'बसलो होतो' हा त्यांचा शब्द. मी म्हणे, कॉम्प्युटर शिकतोय. ते म्हणत, "बसूनच शिकतोस ना?"

हिवाळ्यात मी प्रॅक्टिकलला पहिल्यांदा बसलो आणि नापास झालो. दोनदाच बसता येत असे. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने माझ्यासाठी एक जागा धरून ठेवली होती, ऑगस्ट संपेपर्यंत, तीही सर्टिफिकेट दाखवलं तर. त्यावर घरात एका संध्याकाळी फैसला झाला. नानाकाका म्हणाले, "ह्या वेळी झालं तर तू तुझा मोकळा. नाही झालं तर दुसऱ्या दिवसापासून करंडी तुझी. मग कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही."

"आणि तोवर करंडी कोण नेणार?" मी विचारलं.

"मी," आई म्हणाली.

तिची घरची वाडवळी बोली मी इथे कागदावर उतरवत नाही. एकदा लिहून तिला वाचून दाखवली होती, तर ती पदराआड हसत बसली. तर आई म्हणाली, "मी नेते. तू शिक." आणि नेली. तो सगळा मोसम, पावसात, पन्नाशीच्या बाईने. परत आली की ओल्या पदराने तोंड पुसत आधी विचारायची, "काल काय शिकलास?" मी काय सांगणार? सांगायचो, "चुकायला शिकलो."

खोटं नव्हतं. सी शिकताना माणूस जितक्या चुका करू शकतो तितक्या मी केल्या, आणि पहिली चूक तर मी घरूनच घेऊन गेलो होतो.

आमच्याकडे चाफा दहादहाचे पुडे करून जातो. केळीच्या पानाचा तुकडा, त्यात फुलं आडवी, पान दुमडून वर केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोरा. मोजायचं कसं, तर 'लाभ, दोन, तीन, चार' असं. पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. आणि दहा झाले की वर आणखी एक ठेवायचं, न मोजता. ते वरचं फूल. घेणाऱ्याच्या देवाचं. आजीच्या आधीपासूनची रीत. दहा म्हणायचं आणि अकरा द्यायची. मी सहा वर्षांचा असल्यापासून हे पुडे बांधतोय, तेव्हा ती मोजणी माझ्या बोटांतच भिनलेली.

आणि सीमध्ये दहा खणांचा अ‍ॅरे घेतला की खण शून्यापासून नऊपर्यंत. दहा नंबरचा खण त्यात नाहीच. तो शेजाऱ्याचा. माझा लूप, म्हणजे खणाखणातून फिरणारी मोजणी, मात्र इमानेइतबारे दहापर्यंत जायचा. `<` लिहून झालं की माझं बोट आपोआप `=` दाबायचं, म्हणजे 'दहाच्या आत'चं 'दहासकट' व्हायचं. दहा, आणि वरचं एक. हिवाळ्यातल्या परीक्षेत मी दहा खणांत शून्यं भरून छापत होतो. अकरावं शून्य पडलं ते शेजारी, जिथे मशीन स्वतःची मोजणी ठेवून होतं, नेमकं तिथे. मोजणी पुन्हा शून्यावर आली. मग पुन्हा दहा खण, पुन्हा अकरावं, पुन्हा शून्य. पडदाभर शून्यं धावत सुटली, थांबेनात. परीक्षक दोन मिनिटं माझ्या मागे उभे राहिले, मग वाकून त्यांनी मशिनाचा खटकाच बंद केला.

त्यानंतर फ्लोरी टीचरने दहा रिकाम्या काड्यापेट्या एका फळीवर ओळीने चिकटवल्या आणि त्यांवर शून्य ते नऊ आकडे घातले. फळी टेबलाच्या कडेला अशी ठेवली की नऊ आकड्याच्या पेटीनंतर सरळ जमीन. माझ्या हातात अकरा चिंचोके दिले. "टाक."

मी दहा टाकले. अकरावा बोटांत धरून उभा.

"टाक ना," टीचर म्हणाली. "थांबू नकोस. तुझी सवयच आहे ती."

मी सोडला. तो जमिनीच्या फळ्यांच्या फटीतून खाली गिरणीत गेला. खालून भिकूभाऊ ओरडले, "कोन रं तो?"

"बघितलंस?" टीचर म्हणाली. "तुला वाटलं चिंचोका गेला. गेला नाही, दुसऱ्याच्या पिठात पडला. बांध ओलांडून लावलेली केळ शेजाऱ्याची होते, विश्वनाथ. एवढं तर वाडीवाल्याला कळायला पाहिजे."

पॉइंटरची गंमत त्याहून वरची. पॉइंटर म्हणजे काय, तर अशी पेटी जिच्यात वस्तू नाही, दुसऱ्या पेटीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आहे. हे मला कळलं होतं. पण चिठ्ठीवर काही लिहिण्याआधीच मी माल पाठवायचो. पॉइंटर जाहीर केला की लगेच त्याने दाखवलेल्या जागी आकडा भरायचा, ती जागा कुठली ते ठरवायचंच नाही. कधी प्रोग्राम नीट चालायचा, कधी शेवटी 'नल पॉइंटर असाइनमेंट' अशी रडकी ओळ यायची, कधी मशीन थिजून जायचं. मी म्हणालो, "टीचर, काल चाललं होतं हो."

तिने खणातून एक कोरं पाकीट काढलं, त्यात कागद घातला, चिकटवलं आणि माझ्या हातात दिलं. "पोचवून ये."

मी जिना उतरलो. चपला घातल्या. रस्त्यावर आलो. भर पावसात छत्री उघडून उभा राहिलो आणि मग पाकीट उलटसुलट करून पाहिलं. परत वर गेलो. "टीचर, कुठे?"

"तू परत येऊन विचारलंस," ती म्हणाली. "मशीन विचारत नाही. ते कुठल्याही घरात टाकून येतं आणि गप्प बसतं. काल ते घर रिकामं होतं, म्हणून काल चाललं."

आणि ते `&` चिन्ह. आकडा वाचून घ्यायचा तर मशिनाला आकडा ठेवायची जागा सांगावी लागते; ती ते चिन्ह सांगतं, आणि मी ते विसरून आतली किंमतच सांगायचो. तो खुलासा टीचरने मासळीवर केला. पाचूबंदरहून एक मावशी पाटी घेऊन यायची, भिकूभाऊंच्या ओट्यावर टेकायची. ती वर बघून म्हणायची, "पोरी, पानी दे गं आधी, मग तुजा हिशोब." टीचर मला म्हणाली, "ह्या मावशीने तुला विचारलं, बोंबील कुठे देऊ, तर तू काय सांगतोस? 'आमच्याकडे पाच माणसं आहेत.' ती जाते पाच नंबरच्या घरी. तुझी माणसं उपाशी. घरात काय आहे ते नको सांगूस, घर कुठे आहे ते सांग."

दोन नावं सारखी आहेत का हे मी `==` लावून बघायचो आणि मशीन म्हणायचं, नाहीत. अक्षरन् अक्षर सारखं असताना! टीचर म्हणाली, "आमच्या गावात मेऱ्या किती आहेत ठाऊक आहे? चर्चच्या पायरीवर नुसती 'मेरी' अशी हाक मारली तर निम्म्या बायका वळतात. तू काय विचारतोयस, ह्या मेरीचं दार आणि त्या मेरीचं दार एकच आहे का. नाहीच एक. नाव विचारायचं तर नाव विचार, एकेक अक्षर लावून." एकदा तर मी फंक्शनच्या आत तयार केलेल्या आणि ते संपताच पुसल्या जाणाऱ्या अ‍ॅरेचा पत्ता बाहेर पाठवला. ती म्हणाली, "जत्रा उठली, विश्वनाथ. त्या पालाचा पत्ता घेऊन आता कुठे फिरशील?"

हे सगळं मी आज हसत लिहितोय. त्या श्रावणात हसू येत नव्हतं. कॅलेंडरवर परीक्षेच्या रविवारभोवती मी पेन्सिलीने गोल केला होता, आणि आई रोज पहाटे करंडी डोक्यावर घ्यायच्या आधी त्या गोलाकडे बघायची. करंडीखालच्या चुंबळीने तिच्या कपाळावर लाल वळ उठला होता. तो ती पदराने झाकायची, पण मला दिसायचा. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'वरचं फूल टाकायचं नाही'. सकाळी उठून वाचायचो, झोपताना वाचायचो. `<` च्या पुढे बोट गेलं की डाव्या हाताने उजव्या हाताला धरायचो. खरंच.

रविवार उजाडला. त्या दिवशी आईने करंडी नेली नाही, शेजाऱ्यांबरोबर पाठवली. मला म्हणाली, "परीक्षक येणार ना लांबून? एक पुडा त्यांना ने, एक टीचरला." ती फुलं काढायला आकडी घेऊन झाडाखाली होती. मी म्हटलं, बांधतो मीच. घाई होती. पान फाडलं, फुलं ठेवली, लाभ, दोन, तीन, दहा, वर एक. दुमडलं तर पान पुरेना. कसंबसं ओढून दोरा बांधला. अकरावं फूल डोकं बाहेर काढून राहिलं.

आई आली, बघून म्हणाली, "पान केवढं घेतलंस?"

"वीतभर. दहाचं वीतभरच घेतेस ना तू?"

"वीत आणि वर दोन बोटं. दोन बोटं कुठे गेली?"

"आई, मला उशीर होतोय!"

दुसरा पुडा तिने बांधला. दोन्ही पुडे माझ्या पिशवीत एकमेकांवर ठेवले, वर रुमाल. आणि मी निघालो.

परीक्षक होते कामत नावाचे गृहस्थ. बारीक, सुती कोट, कोटाच्या खिशात तीन पेनं. नऊला सुरू, अकराला बंद. अकराच का, तर फ्लोरी टीचर चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून सरळ भिकूभाऊंकडे गेली होती आणि त्यांना अकरापर्यंत मोटर चालू न करण्याचं कबूल करून घेतलं होतं. श्रावणातला रविवार. सोमवारच्या उपासाचं दळण घेऊन बायका नऊपासूनच खाली डबे लावून उभ्या. त्यांचे आवाज फळ्यांतून वर येत होते. "एवढं काय चाललंय वर?" "परीक्षा आहे म्हणे." "कसली?" "टायपिंगची."

माझा प्रश्न होता, पाच नावं वाचून घ्यायची, पॉइंटरांच्या अ‍ॅरेने अकारविल्हे लावायची आणि छापायची. एरवी मला घाम फुटला असता, पण त्या दिवशी सगळं सुचत गेलं. पाच ओळी, प्रत्येकीत दहा खण. लूप शून्यापासून पाचच्या आत. `=` नाही. पॉइंटर आधी पत्त्यावर बसवले, मग वापरले. नावं अक्षरं लावून ताडली. फ्लॉपीवर उतरवलं. सव्वादहाला प्रोग्राम चालवला. राम, मेरी, उषा, जॉन, लता अशी नावं घातली. अकारविल्हे अचूक लागली. फ्लोरी टीचर दाराशी उभी होती, परीक्षा असल्याने आत यायची तिला मनाई. माझ्याकडे बघून तिने नुसत्या पापण्या मिटल्या.

कामत आले. वाकून पाहिलं. "ही सगळी छोटी नावं आहेत. तुमचं नाव काय?"

"विश्वनाथ."

"ते घाला. आणि खाली माझं घाला. बाकीची असू देत."

मी कॅपिटल अक्षरांत माझं नाव घातलं. इंग्रजीत मोजून दहा अक्षरं. खाली कामत. मग तीन नावं. कळ दाबली. पडद्यावर वरून पहिला जॉन आला, मग कामत, ठीक. मग लता, उषा. आणि सर्वांत शेवटी, हिरव्या लखलखीत अक्षरांत, 'विश्वनाथकामत'.

कामतांनी ते नाव वाचलं. "मला मुलगे दोन आहेत," ते शांतपणे म्हणाले. "तिसरा नकोय. अकरापर्यंत वेळ आहे तुम्हाला." आणि पुढच्या मशिनाकडे गेले.

साडेदहा. मी लूप पाहिला. बरोबर होता. पुन्हा पाहिला. `=` नव्हतं. पॉइंटर पाहिले, एकेक. सगळे आपापल्या घरी. छापायची ओळ पाहिली. हिवाळ्यापासून ज्या ज्या चुका केल्या होत्या त्या सगळ्यांची दारं ठोठावून आलो, एकाही घरात चोर नव्हता. पावणेअकरा. खाली कोणीतरी डबा आपटला. "भिकूभाऊ, कितीला चालू करताय?" "अकराला." "आमच्या घड्याळात झाले की!" माझे तळवे इतके ओले झाले की कळांवरून बोटं निसटायला लागली. डोळ्यांसमोर पडदा नव्हता, चुंबळीखालचा तो लाल वळ होता. उद्यापासून ती करंडी माझी, हे मला चालणार होतं. माझ्यासाठी वाहिलेली इतक्या दिवसांची करंडी फुकट गेली, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

हात पुसायला मी पिशवीतून रुमाल ओढला. त्याबरोबर चाफ्याचा वास आला, आणि मी आत पाहिलं.

मी बांधलेला वरचा पुडा सैल झाला होता. त्याचं अकरावं फूल सुटून खाली, आईने बांधलेल्या पुड्याच्या दुमडीत जाऊन बसलं होतं. नीट, जणू तिथलंच. वरच्यात दहा. खालच्यात बारा.

दोन बोटं कुठे गेली?

माझं नाव दहा अक्षरांचं. त्याला मी दहा खण दिले. पण नाव संपलं हे मशिनाला कळायला शेवटी एक शून्य बसतं. ते कोणी लिहीत नाही, कोणी वाचत नाही, मोजणीत धरत नाहीत. पण जागा घेतं. माझ्या नावामागे त्याला जागा नव्हती, म्हणून ते शेजारच्या ओळीच्या पहिल्या खणात जाऊन बसलं. मग कामत आले आणि त्याच्यावरच बसले. आता माझं नाव कुठे संपतं हे मशिनाला सांगणारं कोणी उरलं नाही. ते वाचत सुटलं, माझ्यातून त्यांच्यात. सहा महिने मी वरच्या फुलाला शिव्या देत होतो. फुलाची चूक नव्हती. मी पान कमी फाडलं होतं.

प्रोग्रामच्या सुरुवातीला जाऊन दहाचे अकरा केले. एवढंच. एक आकडा. फ्लॉपीवर उतरवायला दिलं आणि ती कुरकुरत बसली, ती कुरकुर मला अजून ऐकू येते. अकराला चार मिनिटं. पुन्हा सगळं जुळवून चालवायला दिलं. फ्लॉपीचा दिवा लाल, अजून लाल. खाली भिकूभाऊंच्या खटक्याजवळ कोणीतरी बोलत होतं. दाराशी टीचर जिन्याकडे पाठ करून उभी राहिली होती, जणू अंगानेच मोटर अडवणार होती. नावं घातली. माझं, कामतांचं, तीन. कळ दाबली.

विश्वनाथ. एकटा. शेवटच्या ओळीत, पुढे कोणी नाही.

"सर!" मी ओरडलो.

कामत आले. पाहिलं. "काय बदललंत?"

"दहाचे अकरा केले, सर."

"का?"

आता ह्याचं पुस्तकातलं उत्तर होतं, आणि ते मला पाठ होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "वरचं फूल मोजायचं नसतं, सर. पण पान त्याला धरून फाडायचं असतं."

त्यांनी टीचरकडे पाहिलं. टीचरने वर आढ्याकडे पाहिलं. तेवढ्यात खाली खटका पडला, दिव्यांनी मान टाकली, तिन्ही पडदे काळे झाले आणि शिंगाड्याचा वास वर आला. कामतांनी खिशातलं मधलं पेन काढलं आणि कागदावर खूण केली. "अकरा अक्षरांचा माणूस आला तर काय कराल?" जाताजाता त्यांनी विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझी पुढची सगळी नोकरी सरली, पण ती वेगळी गोष्ट. ती घरच्यांनी अजून मला सांगू दिलेली नाही.

'दहा फुलं आहेत,' म्हणत मी पुडे दिले. टीचरचा टीचरला, कामतांचा कामतांना, निसटलेलं फूल आधी नीट त्यांच्या पुड्यात परत ठेवून. कामतांनी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून पुडा सोडला. तपासायची सवय अशी सुटत नाही. ओठ हलवत त्यांनी फुलं मोजली.

"दहा म्हणालात ना? ही अकरा आहेत."

मी काही बोलायच्या आत फ्लोरी टीचर चपला घालताघालता म्हणाली, "बरोबर आहेत, सर. शेवटचं धरायचं नसतं."

घरी गेलो तेव्हा आई ओटीवर केळीची पानं फाडत बसली होती. मी सगळं सांगितलं, एका दमात, खण, शून्य, पुडा, दोन बोटं. तिने पास झालो एवढंच ऐकलं असावं, कारण तिने हातातलं पान खाली ठेवलं आणि थोडा वेळ दोन्ही हात मांडीवर नुसते ठेवून बसली. तसे तिचे हात रिकामे मी फार क्वचित पाहिलेत. मग म्हणाली, "दोन बोटांसाठी एवढं शिकावं लागलं?" दुसऱ्या दिवशी करंडी न्यायला नानाकाकांनी गड्याची सोय केली. त्यांनी ती आधीच करून ठेवली होती, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

तर परवा मी चष्मा लावून मुक्ताच्या पडद्याकडे पाहिलं. तिने पहिलं नाव माझंच घातलं होतं, गंमत म्हणून, आणि दुसरं तिच्या आईचं. दोघं एकमेकांना चिकटून आलो होतो.

"किती जागा घेतलीस?" मी विचारलं.

"दहा. तुझ्या नावात दहाच अक्षरं आहेत, मोजली मी."

ही गोष्ट तिने जन्मापासून दर श्रावणात ऐकली आहे. मीही 'वीत आणि वर दोन बोटं' लहानपणापासून बघत होतोच की. ओट्यापाशी कणकेचा हात थांबला होता. बायको माझ्याकडे बघत होती, आता हा सुरू होतो की काय म्हणून.

मी सुरू झालो नाही. परसात गेलो. सात फुलं आकडीने काढली, आणखी चार खालच्या फांदीची मिळाली. केळीचं पान फाडलं, वीत आणि वर दोन बोटं. आत येऊन तिच्या लॅपटॉपशेजारी पुडा ठेवला. "उद्या तुझ्या परीक्षकांना दे. दहा आहेत."

तिने पुडा उचलला, सोडला, ओठ हलवत मोजायला लागली. शेवटच्या फुलावर तिचं बोट थांबलं. मग तिने पडद्याकडे पाहिलं.